अवधाण

ऑक्टोबर. डोंगरउतारावरचं गवत पेटवलेलं,
उंदीर गावात आलेले.
मियांगाली भाताच्या पोत्यांना टेकून झोपली
आणि घोट्याला काहीतरी चावलं.
झोपेतच तिनं दुसऱ्या पायानं खाजवलं.
एवढंच. यापुढचं तिला काही माहीत नाही.

पिसवेच्या पोटात गारवा होता.
तिथून आलेला जंतू
या उबेत शिरला आणि हळूहळू कपडे बदलू लागला.
जी खूण पाहून पहारेकरी बोंब ठोकतात
ती नव्या कपड्यांवर नव्हती.

तरी पहिल्या काही तासांत पांढऱ्या पेशी धावल्या,
गुळाला मुंग्या लागाव्यात तशा.
त्यांनी बरेच मारले.
मागून आल्या थोराड भक्षक पेशी,
पोट मोठं, चाल सावकाश,
त्यांनीही गिळले.
गिळलं म्हणजे मेलं, ही जुनी चूक.
काही जंतू त्या पोटातच बसून राहिले
आणि पेशी, नेमल्या कामाला जागून,
त्यांना घेऊन निघाली जांघेकडे,
जिथं अशा बातम्या पोचवायच्या असतात:
चोराला पालखीत बसवून चावडीवर न्यावं तसं.

चावडीत तो बाहेर आला.
जवळ येईल त्या पेशीला सुई टोचू लागला.
सुईतून एकच हुकूम:
गप्प.
खाऊ नकोस, हाक मारू नकोस.
दोन दिवस मियांगालीच्या अंगात शांतता होती.
त्या दोन दिवसांत तिनं झऱ्यावरून पाणी आणलं,
वशिंडाची गुरं वळवली,
आणि तोकीशी, धाकट्या भावाशी,
उकडलेल्या रताळ्यावरून भांडली.

मग सगळं एकदम.
मध्यरात्री दचकून उठलेलं घर
अंधारात घरच्यांनाच काठ्या हाणत सुटतं, तसं.
ताप. ओकारी. जांघेत कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ,
पाय सरळ होईना.
आपल्या भाषेत याला अवधाण म्हणतात,
आणि लक्ष देण्याला अवधान.
शरीराचं लक्ष गेलं ते असं,
इतक्या उशिरा, इतकं सगळं.

झाफीमामानं तिला पाठीला बांधून अकरा किलोमीटर नेलं.
तोकीला आणायला परत गेला
तेव्हा तो खोकत नव्हता.

आरोग्यकेंद्रात व्होलातियानानं इंजेक्शनं दिली.
औषधानं जंतूंची भर थांबवली, वेळ काढून दिला.
त्या वेळात सुजल्या गाठीच्या कडेला
एका पेशीच्या हाताला
जंतूचा बुळबुळीत अंगरखा नेमका लागला.
लाखांतली एक. आजवर तिला काहीच काम पडलं नव्हतं.
तिची दोन झाली, दोनांच्या चार,
आणि आठवड्याभरात रक्तात
त्या अंगरख्याच्या मापाचे चिमटे फिरू लागले.
ज्याला चिमटा लागला त्याला भक्षक पेशी ओळखू लागल्या.
आता गिळलेलं मरत होतं.
हे कोणी पाहिलं नाही.
मियांगालीनं भाताची पेज मागितली, ते मात्र
व्होलातियानानं वहीत लिहून ठेवलं.

तोकीला घराण्याच्या थडग्यात जागा मिळाली नाही.
या आजारानं गेलेल्याला सात वर्षं बाहेर ठेवतात,
टेकडीपलीकडे, खोल,
पूर्वजांना त्रास नको म्हणून.
खुणेला लावलेला खांब वाळवीनं खाल्ला.

आज सातवं वर्ष.
पथक आलंय, गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासतंय.
मियांगालीच्या बोटाचा थेंब पट्टीवर पडतो
आणि तिला जे आठवत नाही
त्याची एक गुलाबी रेघ उमटते.

"म्हणजे तो अजून आत आहे?" झाफीमामा विचारतो.
"तो नाही. त्याची ओळख आहे."
मामा पट्टी उजेडात धरतो, उलटी करून पाहतो.
"मग यावर
तोकीचं काही दिसतं का?"

व्होलातियाना सुई डब्यात टाकते.
पुढचं नाव पुकारायचं असतं,
ती वहीत बघत राहते.